काळ्या पाषाणाचा गोतावळा

छत्रपती संभाजीनगर शहरात आणि त्याच्या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या जे पाणी प्यायले गेले, ज्या दगडावर धान्य दळले गेले, ज्या मातीने भिंती लिंपल्या गेल्या, जे कापड अंगावर चढले आणि ज्या कागदावर हिशेब लिहिले गेले, त्या साऱ्यांचा माग काढत गेल्यास तो बहुतेक वेळा पायाखालच्या काळ्या खडकापाशी येऊन पोचतो. अजिंठा आणि वेरूळ येथील लेणी याच खडकात कोरलेली असल्यामुळे त्याची कीर्ती जगभर झाली. घरातल्या नि बाजारातल्या साध्या वस्तूंशी असलेले त्याचे नाते मात्र क्वचितच उलगडून पाहिले जाते, आणि ते लेण्यांइतकेच थक्क करणारे आहे.

हा खडक म्हणजे बेसाल्ट, अर्थात जमिनीच्या पोटातून बाहेर पडलेला तप्त लाव्हारस थंड होऊन बनलेला काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये भूपृष्ठाला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हाचे लोट पुन्हा पुन्हा उसळले, एकावर एक पसरत गेले आणि थिजले. आजही भारताचा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट असतो, वरचा भाग निसटू पाहणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो, आणि दोन थरांच्या सांध्यात झिजलेल्या दगडाचा भुसभुशीत मुरूम आढळतो. घट्ट पाषाण पाण्याला जवळजवळ वाटच देत नाही. पाणी साठते आणि सरकते ते भेगांतून, सच्छिद्र पट्ट्यांतून व मुरमातून. मराठवाड्यात एका विहिरीला भरपूर पाणी लागावे आणि शेजारच्याच शेतातली विहीर तेवढ्याच खोलीवर कोरडी निघावी, याचे कारण नशिबापेक्षा या थरांच्या रचनेत अधिक आहे.

ही रचना नेमकी हेरून तिच्यावर एका शहराची तहान भागवण्याचे काम सतराव्या शतकात झाले. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये आलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष ठरलेला मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी या गावी आपली राजधानी वसवली. आजचे शहर ते हेच. खाम नदीचे पाणी वाढत्या वस्तीला पुरणारे नव्हते, म्हणून त्याने शहराच्या उत्तरेकडे, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखालून एक नहर खोदवली. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत धरण नाही आणि पाणी उपसण्याचे कोणतेही यंत्र नाही. मुरमाच्या व भेगाळलेल्या खडकाच्या पट्ट्यात खोदलेल्या भुयारात भोवतीच्या जमिनीतले पाणी पाझरून जमा होते, भुयाराला दिलेल्या अगदी हलक्या उतारामुळे ते आपोआप शहराकडे सरकते, आणि पुढे भाजलेल्या मातीच्या, चुन्याच्या बांधकामात बंदिस्त केलेल्या नळांतून वस्तीत पोचते. भुयार जमिनीखाली असल्याने उन्हाने पाणी उडून जात नाही, आणि ते पाझरून येत असल्याने गाळूनच येते.

या नहरींच्या मार्गावर ठिकठिकाणी उभे असलेले दगड-विटांचे मनोरे, ज्यांना स्थानिक लोक बंबे म्हणतात, हा या रचनेचा सर्वांत कमी समजून घेतला गेलेला भाग म्हणावा लागेल. बंद नळातून पाणी लांबवर नेताना उंचवट्याच्या जागी हवा कोंडते आणि ती पाण्याची वाट अडवून धरते. शिवाय उतार जास्त असेल तेथे पाण्याचा दाब वाढत जाऊन मातीचे नळ फुटू शकतात. मनोऱ्याच्या आत पाणी एका नळाने वर चढते, माथ्यावर मोकळ्या हवेशी त्याची गाठ पडते, कोंडलेली हवा निघून जाते, दाब उतरतो, आणि मग दुसऱ्या नळाने पाणी खाली उतरून पुढच्या टप्प्याला लागते. मूळ उगमाच्या पातळीपेक्षा पाणी वर चढू शकत नाही, या साध्या नियमावर मनोऱ्यांची उंची ठरवलेली असते. म्हणजेच ती बांधणाऱ्यांना कित्येक किलोमीटर अंतरावरील दोन जागांच्या उंचीतला फरक बारकाईने मोजता येत होता, हे उघड आहे. भुयारी नहरींची ही विद्या इराणकडून आलेल्या कारेझ पद्धतीशी जवळची असून ती बीदरलाही दिसते. विशेष असे की ज्या दशकात मलिक अंबर खडकीत नहर खोदवत होता, त्याच दशकात, 1615 मध्ये, बुऱ्हाणपूरला मोगलांच्या वतीने दख्खनचा कारभार पाहणाऱ्या अब्दुर्रहीम खान-ए-खानान याच्या पुढाकाराने कुंडी भंडारा नावाची अशीच भुयारी जलव्यवस्था उभी राहिली. रणांगणावर एकमेकांना पाण्यात पाहणारे हे दोन सत्ताधीश जमिनीखालच्या पाण्याबाबत एकाच शास्त्रावर विसंबले होते.

पुढच्या काळात शहरात आणखी नहरी जोडल्या गेल्या, आणि त्यांपैकी एकीवर खाम नदीच्या काठची पाणचक्की उभी राहिली. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात मुक्कामाला येणारे यात्रेकरू, फकीर आणि विद्यार्थी यांच्यासाठी पीठ दळण्याची सोय तिने होत असे. दूरच्या डोंगरातून आलेले पाणी उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढवून तेथून हौदात सोडलेले असल्यामुळे त्याचा धबधबा प्रवाशांच्या नजरेत भरतो, परंतु तेथील खरी करामत पायाखाली आहे. त्या विस्तीर्ण हौदाचा तळ म्हणजेच खालच्या मोठ्या दालनाचे छत आहे, आणि छतावर सतत पाणी असल्याने उन्हाळ्यातही ते दालन गार राहते. इतक्या पाण्याचे ओझे पेलणारे आणि गळू न देणारे छत चुन्याच्या बांधकामात साधणे हे त्या काळच्या गवंड्यांच्या हातोटीचे मोठेच प्रमाणपत्र आहे.

चक्की पाण्यावर चालो की हाताने, दळणारा दगड मात्र येथे काळाच असे, आणि त्यामागेही कारण आहे. धान्य दळणाऱ्या दगडाला दोन परस्परविरोधी गुण लागतात: तो इतका कठीण हवा की त्याची कच पिठात उतरू नये, आणि इतका खरखरीत हवा की दाणा त्याच्यावरून नुसता घसरू नये. थंड झालेल्या लाव्हाचा दगड या दोन्ही अटी बऱ्याच अंशी पुऱ्या करतो, म्हणूनच मेक्सिकोत मका वाटण्याचे पाटे बेसाल्टचे असतात आणि रोमन सैन्य जर्मनीतील आयफेल भागातल्या ज्वालामुखीच्या खडकाची जाती बरोबर वागवत असे. तरीही वापराने दगड गुळगुळीत होतोच. असे झाले की पीठ जाडेभरडे पडू लागते, जाते जड जाते, आणि मग छिन्नी-हातोडीने त्याच्या अंगावर बारीक टवके काढून ते पुन्हा खरखरीत करावे लागते. जात्याला किंवा पाट्याला टाकी लावणे म्हणतात ते हेच. गल्लीतून आरोळी देत फिरणाऱ्या टाकी लावणाऱ्यांची गरज गिरण्या आणि मिक्सर आल्यावर संपली, आणि त्यांच्याबरोबर कोणता दगड कोणत्या धान्याला चांगला हे ओळखणारी नजरही बरीचशी गेली.

खडकात राहून गेलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांना आणखी एक भवितव्य लाभले. त्यांतून लक्षावधी वर्षे खनिजयुक्त पाणी झिरपत राहिल्याने आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढले. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर विक्रेते जे चमचमते स्फटिकांचे गोळे विकतात ते याच पोकळ्यांतले, आणि त्यांतील बरेचसे झिओलाइट या खनिज-कुळातील असतात. तापवले असता यांतील काही खनिजे उकळल्यासारखी फसफसतात हे 1756 मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी नोंदवले. त्यांच्या रचनेत अतिसूक्ष्म बोगद्यांचे जाळे असते, त्यात पाणी अडकलेले असते, आणि तापवल्यावर ते वाफ होऊन बाहेर पडते. हेच बोगदे नेमक्या मापाचे बनवून कारखान्यांत आज कृत्रिम झिओलाइट तयार केले जातात. पाण्याचा जडपणा घालवण्यासाठी ते कपडे धुण्याच्या पावडरीत असतात. कोरोनाच्या साथीत घरोघर पोचलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर या यंत्रातही त्यांच्याच गोळ्या भरलेल्या असतात. हवा दाबाने त्यांच्यातून सोडली की हवेतील 78 टक्के असलेला नायट्रोजन त्या धरून ठेवतात आणि रुग्णाला मिळते ती ऑक्सिजनने समृद्ध हवा. डोंगरातले स्फटिक आणि यंत्रातल्या गोळ्या वेगवेगळ्या असल्या तरी कूळ एकच.

काळा खडक ऊन-पावसाने झिजला की त्याची काळी माती होते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार पाण्याने फुगतो आणि उन्हाने आकसतो, त्यामुळे वैशाख-ज्येष्ठात रानाला हात-हात खोल भेगा पडतात, वरची माती वाऱ्याने नि गुरांच्या खुरांनी त्या भेगांत पडते, आणि पहिल्या पावसात भेगा मिटल्या की वरची माती खाली आणि खालची वर अशी उलथापालथ होऊन जाते. शेताची ही आपसूक होणारी नांगरट वरदान असली, तरी त्याच मातीवर पाया उथळ ठेवून बांधलेल्या घरांच्या भिंती तडकतात. म्हणून जाणते गवंडी काळी माती पुरती उकरून मुरूम लागेपर्यंत पाया नेण्याचा आग्रह धरतात.

मातीच्या गिलाव्यासंबंधी एक शोध तर याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. अजिंठ्यातील चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग, असा त्यांचा क्रम आहे. गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून मातीत भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळले जात. याच तंतूंवर किडे जगतात आणि गिलावा पोखरतात, त्यामुळे अजिंठ्यातील चित्रांची मोठी हानी झाली. वेरूळला मात्र गिलाव्यात किडीचा असा उपद्रव दिसत नव्हता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू व इतर भाग मिसळलेले आढळले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गिलावा टिकण्याचे आणि किडीपासून वाचण्याचे श्रेय या झाडाला दिले आहे. अजिंठ्याच्या कारागिरांनंतर काही पिढ्यांनी आलेल्या वेरूळच्या कारागिरांनी ही भर घातली, ती जुन्या लेण्यांतील किडीचा अनुभव पाहून घातली असे मानण्याचा मोह होतो. तसा लेखी पुरावा नसला तरी अंतर केवळ शंभर किलोमीटरच्या आसपासचे आहे आणि कारागीर फिरते असत.

काळ्या मातीचे खरे पीक म्हणजे कापूस, आणि त्याची एक जुनी साक्षही अजिंठ्याच्याच भिंतीवर सापडते. कापसाच्या बोंडातून निघालेल्या ऐवजात वजनाने रुई साधारण एक तृतीयांश असते आणि बाकीची सरकी. ही सरकी रुईला इतकी घट्ट चिकटलेली असते की ती हाताने सोडवणे हे सूतकताईहूनही वेळखाऊ काम ठरते. जर्मन अभ्यासक दिएतर श्लिंग्लॉफ यांनी 1974 मध्ये अजिंठ्यातील एका चित्राकडे लक्ष वेधले, ज्यात सरकी काढण्याचे साधे अवजार वापरात असल्याचे दिसते: सपाट दगड आणि त्यावर फिरवायची लोखंडी कांब. कांब पुढे लोटली की रुई तिच्याखालून निघून जाते आणि टणक सरकी मागे ढकलली जाते. पाचव्या शतकाच्या सुमारास रंगवलेले हे चित्र रुई पिंजण्याआधीच्या या कामाच्या जगातील सर्वांत जुन्या दर्शनांपैकी एक मानले जाते. पुढे दोन रुळांची चरखी आली, जिच्यात एक रूळ एका बाजूला आणि दुसरा उलट बाजूला फिरतो. लेणी पाहायला येणाऱ्यांना सोयगाव तालुक्यातल्या वाटेवर दुतर्फा कपाशी दिसते, तेव्हा चित्रातला कापूस तोच असावा असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्या काळचा कापूस देशी जातीचा, आखूड धाग्याचा होता, तर आज शेतात उभी असलेली बहुतेक कपाशी अमेरिकेतून आलेल्या वेगळ्या प्रजातीची आहे, आणि 2002 मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यापासून देशी वाण फारच थोड्या शेतांत उरले आहेत.

या कापसाचे येथे जे कापड झाले त्यातील मशरू आणि हिमरू हे दोन प्रकार बारकाईने पाहण्याजोगे आहेत. इस्लामी परंपरेत पुरुषांना निव्वळ रेशीम नेसण्याची मनाई होती, पण सूत मिसळलेले रेशीम चालत असे. मशरू विणणाऱ्यांनी यावर काढलेली तोड अशी की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, रेशमाचे घ्यायचे आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचे. विणताना रेशमी उभा धागा सलग अनेक आडव्या धाग्यांच्या वरून जातो आणि मग एकाच धाग्याखाली बुडी मारतो. त्यामुळे कापडाच्या दर्शनी बाजूवर रेशीमच रेशीम दिसते, आणि उलट बाजूला, जी अंगाला लागते, सूतच सूत राहते. धर्माज्ञा पाळली जाते, दिसण्यात उणे येत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम टिपणारे सूत अंगाशी राहते ते वेगळेच. हिमरूत मांडणी निराळी: उभे धागे सुताचे, आणि नक्षीसाठी रेशमाचे जादा आडवे धागे. सोन्या-चांदीच्या जरीने विणलेले किनखाब ज्यांच्या आवाक्याबाहेर होते त्यांच्यासाठी हे कापड होते. नक्षीत जेथे रेशीम वर दिसत नाही तेथे ते कापडाच्या मागून मोकळे वाहत जाते, आणि या मोकळ्या धाग्यांच्या थरामुळे हिमरूची शाल वजनाने हलकी असूनही ऊबदार होते. जुन्या मागावर ही नक्षी जाळा नावाच्या दोऱ्यांच्या गुंत्यात बांधून ठेवलेली असे. विणकराचा मदतनीस ठरलेल्या क्रमाने दोऱ्या ओढी आणि त्या-त्या ओळीचे उभे धागे उचलले जात. नक्षी एकदा बांधून घेतली की ती दोऱ्यांतच जतन होऊन राही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये झाकारच्या मागाने मदतनिसाची जागा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना दिली.

कापड विरले की त्याचा प्रवास दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधल्या कागजीपुरा या गावाकडे सुरू होई. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. त्या लोंढ्याबरोबर कागद बनवणारी कुटुंबेही आली असे परंपरा सांगते. दरबार परत गेला, पण हा धंदा शतकानुशतके टिकला, कारण लागणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे चिंध्या, चुना, डोंगरातले पाणी आणि सुकवण्यासाठी ऊन, जवळच मिळत होती. चिंध्या आणि जुने तागाचे दोर बारीक तोडून चुन्याच्या निवळीत मुरवायचे, ढेंकीने, म्हणजे पायाने उचलून आपटायच्या जड लाकडी ओंडक्याने, कुटून त्यांचा लगदा करायचा आणि तो हौदातल्या पाण्यात कालवायचा. कारागीर हौदाच्या काठाशी बसून लाकडी चौकटीवर पसरलेली गवताच्या काड्यांची चटई पाण्यात बुडवतो, वर उचलता उचलता तिला डावी-उजवीकडे अशी काही हलकी झोल देतो की तंतू एकमेकांत गुंततात, पाणी निथळून जाते, आणि चटईवर ओल्या सायीसारखा एक पापुद्रा उरतो. हे पापुद्रे एकावर एक रचून दाबले जातात, मग भिंतीवर चिकटवून वाळवले जातात. वाळलेला कागद शाई टिपून पसरवतो, म्हणून त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. तेव्हा कुठे बोरूचे टोक न अडखळता त्यावरून चालते.

या प्रक्रियेतला चुना हे त्या कागदाच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचा कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला आणि त्याला खळीऐवजी राळ व तुरटी लावली जाऊ लागली. लाकडातील लिग्निन हवा-उजेडाने पिवळे पडते, तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते, आणि ते आम्ल तंतूंचे तुकडे पाडत राहते. चिंध्यांच्या कागदात लिग्निन जवळजवळ नसते आणि चुन्याचा अंश मागे राहिल्याने आम्ल जागच्या जागी मारले जाते. त्यामुळे दफ्तरखान्यांतील अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आजही हाताळता येतात, आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे मात्र उलगडताना घडीवर तुटतात. जुनी मराठी नियतकालिके जपू पाहणाऱ्या ग्रंथालयांची आजची सर्वांत मोठी चिंता हीच आहे, आणि ती शतकांपूर्वीच्या पोथ्यांपेक्षा विसाव्या शतकातील अंकांबाबत अधिक आहे.

कापसाच्या कागदाचा सर्वांत सार्वत्रिक वापर आज प्रत्येकाच्या खिशात असतो. भारतीय चलनी नोटा शंभर टक्के कापसाच्या कागदावर छापल्या जातात, लाकडाचा लगदा त्यांत नसतो. यासाठी चांगले सूत लागत नाही; कापड गिरण्यांत रुई विंचरताना झडणारे आखूड तंतू आणि सरकीला चिकटून राहणारी लव, म्हणजे एरवी टाकाऊ ठरणारा भाग, नोटेला पुरतो. धुण्याच्या कपड्यात राहून गेलेली नोट पाण्यात विरघळत नाही आणि वाळवली की पुन्हा चालते, ती या तंतूंमुळे आणि त्यांवर चढवलेल्या खळीमुळे. त्याच खिशातले दुकानाचे बिल मात्र चोथा होऊन निघते. वापरून मळलेल्या नि फाटलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत परत जातात, यंत्रांनी त्यांचे बारीक कपटे केले जातात, आणि ते कपटे दाबून त्यांच्या विटा बनवल्या जातात.